देवळाची सावली, गावाचा आसरा
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार तडीस गेला. कोणी रुपये दिले, कोणी चिरे दिले, कोणी चार दिवस अंगमेहनत केली. कळस चढला की काम संपले असे वाटते. परंतु देऊळ नुसते उभे राहून भागत नाही, ते गावाच्या उपयोगी पडले पाहिजे. उन्हाळ्याच्या दिवसांत ते उपयोगी कसे पडेल, एवढाच आजचा विषय आहे.

कोकणात कसला उन्हाळा, ऊन ते विदर्भात, असे म्हणण्याची रीत आहे. ही समजूत घातक आहे. विदर्भातली हवा कोरडी. तिथे घाम चटकन सुकतो आणि अंग निवते. रत्नागिरीची हवा दमट; घाम वाहतो पण सुकत नाही, आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. हवामान खात्याची कसोटीही हेच सांगते. मैदानी मुलखात पारा ४० अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. किनाऱ्यावर मात्र ३७ अंश झाले आणि तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढले, की लाट मानतात. मार्च महिन्यात जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा जोर धरतो, समुद्रावरचा खारा वारा उशिरा सुटतो, आणि त्या दिवशी अंगाची काहिली होते.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. श्रद्धेने आलेली लाखो माणसे भर उन्हात बसली होती. उष्णतेच्या त्रासाने त्यांतील १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर पारा ३८ अंशांच्या आसपासच होता. भक्तिभाव कितीही असला तरी ऊन कोणाचा मुलाहिजा ठेवीत नाही, हा त्यातला धडा.

रत्नागिरीत शिमगा येतो तो नेमका याच दिवसांत. पालखी घरोघर फिरते, भोई अनवाणी तापल्या कातळावरून चालतात. पुढे एप्रिल-मे महिन्यांत हापूसची काढणी. गडी सकाळपासून झाडावर असतात. पालखी सकाळी लवकर आणि उन्हे उतरल्यावर फिरवली, दुपारी बारा ते चार मुक्काम केला, तर देवाचा मान कमी होत नाही. बागायतदाराने गड्यांना त्याच वेळी विसावा दिला, तर आंबाही कोठे पळून जात नाही.

मात्र सर्वांत जास्त धोका आहे तो घरात बसलेल्यांना. मुलगा मुंबईस, सून मुंबईस, आणि घरात म्हातारी एकटी, अशी घरे वाडीवाडीत आहेत. वय झाले की तहान लवकर कळत नाही. पूर्वीच्या घरांना जांभ्याच्या भिंती, वर कौले आणि पुढे पडवी असे. आता पत्रे आणि स्लॅब आले. पत्रा दुपारी भाजतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. म्हणून गावात अशी एक जागा हवी, की जिथे दुपारी कोणीही येऊन टेकावे. ती जागा म्हणजे देवळाचा सभामंडप.

उंच छप्पर, मोकळ्या बाजू, थंड फरशी, जवळ विहीर, समोर पाराचे झाड, हे सारे जुन्या लोकांनी विचारपूर्वक केले होते. अहमदाबाद शहराने मे २०१० च्या भयंकर उन्हाळ्यानंतर २०१३ साली देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. दुपारच्या थंड आसऱ्याच्या जागांत त्यांनी देवळेही धरली. शहराला जे शोधावे लागले, ते गावाजवळ आधीपासून आहे. फक्त दार उघडे हवे. देवाच्या विश्रांतीसाठी गाभारा बंद राहो. सभामंडपाला मात्र फाल्गुनापासून पाऊस लागेपर्यंत कुलूप नको.

आणि ते दार सर्वांना उघडे हवे. महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिण्याचा हक्क डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी बजावला, तोही उन्हाळ्याचाच महिना होता. रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले, ते सर्व जातींच्या हिंदूंसाठी. ज्या जिल्ह्याला हा वारसा आहे, तिथे सावलीला आणि पाण्याला वाडी विचारू नये, जात विचारू नये, धर्मही विचारू नये.

यासाठी मोठा खर्च नाही. मंडपात झाकलेले पाण्याचे माठ आणि ओगराळे, मिठाची व साखरेची बरणी, काही हातपंखे, चार जुनी सुती लुगडी एवढे पुरे. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही जांभ्यातून पाणी झिरपून जाते आणि मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. म्हणून देणगीतला काही भाग विहिरीचा गाळ उपसण्यास ठेवावा. वाडीवार एकट्या वृद्धांची यादी करावी आणि तरुणांनी रोज सकाळी अकराला व दुपारी चारला त्यांच्या दाराशी हाक मारावी. आशाताईंचा सल्ला घ्यावा.

नुसता थकवा, पेटके, चक्कर असेल तर माणसाला सावलीत बसवून पाणी, मीठ घातलेली पेज किंवा कोकम सरबत द्यावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, शुद्ध हरपली आणि अंग भाजू लागले, तर तो उष्माघात समजावा. तेव्हा अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत कपडे सैल करून सर्वांगावर गार पाणी ओतावे, ओली लुगडी घालावीत, सारखा वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. गाडी येईपर्यंतची ही मिनिटे प्राण वाचवितात.

देणगीदारांची नावे शिळेवर कोरली जातील आणि ती शोभतीलही. परंतु चैत्रातल्या एखाद्या दुपारी कोणी म्हातारी या मंडपात येऊन टेकेल, माठातले पाणी पिईल आणि तिच्या जिवात जीव येईल, तेव्हा दिलेला रुपया खऱ्या अर्थाने देवाला पोचला असे समजावे. ग्रामदेवता सर्वांना ही सुबुद्धी आणि निरोगी आयुष्य देवो.