ऑपरेशनआधीचे चार आठवडे

(जामखेड येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



कॅन्सरचं मोठं ऑपरेशन ठरलं की घरात धावपळ सुरू होते ती पैशांची आणि रक्ताच्या सोयीची. जिचं पोट उघडायचं, तिच्या अंगात ताकद किती, हे कुणी विचारत नाही. तारीख येईपर्यंत ती धुणीभांडी करते, रानात जाते आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाते. मला आज या वाट पाहण्याच्या दिवसांबद्दल बोलायचं आहे.

मोठं ऑपरेशन म्हणजे शरीरासाठी घाट चढणंच. त्या काळात शरीराला प्राणवायू जास्त लागतो, हृदयाला आणि फुप्फुसांना जास्त काम पडतं. हा दम मोजता येतो. काही मोठ्या इस्पितळांत तोंडाला मास्क लावून जागच्या जागी सायकल चालवायला लावतात आणि श्वासातला प्राणवायू मोजतात. साधी चाचणी म्हणजे सपाट जागेवर सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं ते पाहणं.

दम वाढवताही येतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या 251 रुग्णांचा, अनेक देशांत झालेला एक अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला ऑपरेशनआधी चार आठवडे व्यायाम, प्रथिनांचा आहार, मनाला आधार आणि तंबाखू सोडायला मदत मिळाली. त्यांच्यात ऑपरेशननंतरची गंभीर गुंतागुंत सुमारे 17 टक्के होती. दुसऱ्या गटात सुमारे 30 टक्के.

आता तुम्ही म्हणाल, "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?" राबणं आणि व्यायाम एक नव्हे. राबताना कंबर मोडते, पण पुरेसं अन्न नाही, विसावा नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरांतल्या 54 बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. व्यायाम म्हणजे बेताबेताने वाढवलेलं, खाऊन-पिऊन, स्वतःसाठी केलेलं काम. धाप लागेल पण बोलता येईल इतकं झपझप चालणं. हाताचा टेका न घेता खुर्चीवरून उठबस. मिसरी बंद. डाळ, अंडं, दूध तिच्या ताटात आधी.

हे सगळं डॉक्टरांना विचारूनच करायचं. रक्तस्राव असेल, छातीत दुखत असेल तर आपल्या मनाने नको. आणि व्यायामासाठी ऑपरेशन लांबवायचं नाही.

खरी अडचण दुसरीकडेच आहे. पुरुष सकाळी रस्त्याने चालला तर "तब्येत राखतो" म्हणतात. बाई रिकाम्या हाताने चालली तर "हिला घरी काम नाही का?" म्हणून आजारी बाईला एकटीनं चालायला लावू नका. मंडळातल्या दोघी तिच्याबरोबर निघा. तिचं पाणी, तिची चूल आळीपाळीने वाटून घ्या.

हे जामखेडला जड नाही. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे काम सुरू केलं. अक्षरओळख नसलेल्या बायाही त्यातून गावाच्या आरोग्य सेविका झाल्या. मुलांची वजनं करणाऱ्या, बाळंतपणं सुखरूप करणाऱ्या या हातांना सहा मिनिटं आणि काही मीटर मोजणं अवघड नाही.

यापुढे आपली एखादी मैत्रीण ऑपरेशनची तारीख घेऊन आली, तर तिच्यासोबत जाऊन डॉक्टरांना विचारा: हिचं रक्त किती? हिचा दम तपासला का? तोवर हिनं काय खायचं, किती चालायचं? उत्तर मिळेपर्यंत विचारा. तो तिचा हक्क आहे.