बॅट टेकवा, क्लब टेकवू नका

हिमायतनगरहून बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा कुठं गोल्फ घेऊन बसला? आपल्याकडं वावरं आहेत, गोल्फचं मैदान नाही. खरंय. पण 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकला अदिती अशोक चौथी आली, त्या सकाळी नियम माहीत नसताना कितीतरी जण फोनवर गोल्फ बघत होतेच की. पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिम्पिकला खेळला. तर आज गोल्फचा एकच नियम बघू, कारण तो आपल्या क्रिकेटच्या अगदी उलटा आहे.

क्रिकेटमध्ये बॅट्समन उभा राहिला की बॅट जमिनीवर टकटक करतो. रन काढताना तर बॅट क्रीजच्या आत टेकवावीच लागते, नाहीतर रनआउट. गोल्फमध्ये बॉल बंकरमध्ये, म्हणजे मुद्दाम केलेल्या वाळूच्या खड्ड्यात गेला, की फटका मारायच्या आधी बॉलच्या लगेच पुढं किंवा मागं क्लब वाळूला टेकवायचा नाही. क्लब मागं नेतानाही वाळू घासायची नाही. घासली तर दोन फटक्यांचा दंड. आणि या खेळात कमी फटके घेणारा जिंकतो, म्हणजे दोन फटके लई झाले.

एवढा कडकपणा कशाला? पैनगंगेच्या पात्रातून चालत गेलेल्याला हे सांगावं लागत नाही. वाळू वरून सगळी सारखीच दिसते, खाली घट्ट आहे की भुसभुशीत हे दाबल्यावरच कळतं. क्लब टेकवला की वाळूचा अंदाज येतो, वर बॉलमागची वाळू दबून फटका सोपा होतो. गंमत म्हणजे नीट उभं राहायला पाय वाळूत रोवायची परवानगी आहे! म्हणजे पायाला कळलं तर चालतं, क्लबला कळलं तर दंड.

आता ऐका. ऑगस्ट 2010, अमेरिकेतलं व्हिसलिंग स्ट्रेट्स मैदान, पीजीए चॅम्पियनशिपचा शेवटचा दिवस. शेवटच्या होलला डस्टिन जॉन्सन एका फटक्यानं पुढं. त्याचा बॉल उजवीकडं प्रेक्षकांच्या गर्दीत गेला. तिथं वाळूचा एक पट्टा, लोकांनी तुडवलेला. जॉन्सनला वाटलं, ही नुसती उघडी जमीन. त्यानं क्लब टेकवला आणि फटका मारला. होल संपला तेव्हा त्याच्या हिशोबानं तो प्लेऑफमध्ये होता. मग त्याला सांगितलं, तो बंकर होता. दोन फटके वाढले, प्लेऑफ गेला, तो पाचव्या क्रमांकावर बरोबरीत राहिला. मार्टिन कायमरनं बब्बा वॉटसनला हरवून ट्रॉफी नेली.

त्या मैदानावर हजाराच्या आसपास बंकर आहेत. ते सगळे बंकरच धरले जातील, लोकांनी तुडवलेले असले तरी, अशी सूचना खेळाडूंना आधीच लावून दिली होती. म्हणून दंड मला बरोबर वाटतो. माणसाच्या मनात काय होतं हे तपासता येत नाही, क्लब टेकला का हे तपासता येतं. पण बंकरमध्ये पब्लिक उभं करायचं आणि खेळाडूला म्हणायचं तू ओळख, हे काही पटत नाही राव.

2016 च्या यूएस वुमेन्स ओपनचं प्रकरण मात्र मला सरळ अन्यायाचं वाटतं. प्लेऑफमध्ये ॲना नॉर्डक्विस्टचा क्लब मागं जाताना वाळूला किंचित लागला. तिला स्वतःला कळलं नाही. टीव्हीच्या झूममध्ये वाळूचे कण हलताना दिसले. दंड सांगितला तो पुढच्या, म्हणजे शेवटच्या होलवर, तिचा तिसरा फटका मारून झाल्यावर. ब्रिटनी लँगचा फटका अजून बाकी होता, त्यामुळं तिला आता जपून खेळायचं हे कळलं. लँग जिंकली. 2017 मध्ये नियम करणाऱ्यांनी ठरवलं, जे साध्या डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतं त्यावर नुसत्या व्हिडिओवरून दंड नको. बरं झालं.

आणि आता ब्रायन डेव्हिस. एप्रिल 2010, हिल्टन हेड, जिम फ्युरिकविरुद्ध प्लेऑफ. डेव्हिसचा बॉल पाण्याकाठच्या हॅझर्डमध्ये गेला. क्लब मागं नेताना एका सुट्या पडलेल्या वाळक्या काडीला लागला. तेव्हा हॅझर्डमध्ये अशी सुटी काडी हलवणंही गुन्हा होता. कुणी बोट दाखवलं नव्हतं. त्यानं स्वतःच अधिकाऱ्याला बोलावलं, काडी हलली असं वाटतंय, तपासा म्हणाला. स्लो मोशनमध्ये बघितलं तर खरंच हलली होती. दोन फटके, मॅच तिथंच संपली. पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसात सुमारे 4 लाख डॉलरचा फरक होता. डेव्हिसनं त्याआधी पीजीए टूरवर एकही स्पर्धा जिंकली नव्हती, नंतरही नाही.

1 जानेवारी 2019 पासून नवे नियम आले. हॅझर्ड हा शब्दच गेला. पाण्याकाठच्या भागाला आता पेनल्टी एरिया म्हणतात, तिथं क्लब बिनधास्त टेकवा, काड्या उचला. बंकरमधूनही पानं, खडे काढता येतात. फक्त बॉलच्या पुढं-मागं किंवा क्लब मागं नेताना वाळूला लावायचा नाही, सरावाचा फटका मारताना वाळूला लागायचं नाही आणि वाळू चाचपून बघायची नाही, एवढं ठेवलंय.

म्हणजे जॉन्सनला आजही दंड बसला असता. डेव्हिसची काडी मात्र आता कुणी मोजणार नाही.