‘आर्ड्युअस’ : चढणीचे विशेषण



मराठी शाळेतील मुलाला इंग्रजी विशेषणाचा अर्थ विचारला, की बहुधा एका शब्दात उत्तर मिळते. ‘हार्ड’ म्हणजे कठीण, ‘डिफिकल्ट’ म्हणजे कठीण आणि ‘आर्ड्युअस’ म्हणजेही कठीणच. उत्तर चुकीचे नसते. मात्र त्यात शब्दाचा स्वभाव हरवतो.

‘आर्ड्युअस’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ ‘उंच, उभ्या चढाचा’ असा आहे. उत्कट या अर्थाचा ‘आर्डन्ट’ दिसायला जवळचा. पण त्याचे मूळ ‘जळणे’ या अर्थाच्या निराळ्या धातूत आहे. एकात आच आहे, दुसऱ्यात चढण. म्हणूनच ज्या कामात दीर्घकाळ, पावलोपावली श्रम करावे लागतात, त्यालाच ‘आर्ड्युअस’ शोभते. एखादे गणित ‘डिफिकल्ट’ असते आणि युक्ती सुचताच क्षणात सुटते; ते ‘आर्ड्युअस’ नव्हे. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन यांनी आरंभिलेली भारताची त्रिकोणमितीय मोजणी मात्र तशी होती. अवजड उपकरणे डोंगरमाथ्यांवर चढवत ती अनेक दशके चालली. १८२३ मध्ये हिंगणघाट येथे लॅम्ब्टन यांचे निधन झाले, ते काम चालू असतानाच. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते नेले.

मराठीत असाच स्वभाव ‘खडतर’ या शब्दाचा आहे. वाट खडतर, प्रवास खडतर, तपश्चर्या खडतर. गणिताला मात्र कोणी खडतर म्हणत नाही. हा भेद मराठी मुलाला व्याकरण न शिकताही कळतो. ‘आर्ड्युअस’ कोठे वापरावे, याची किल्ली त्याच्या घरच्याच भाषेत असते. ती त्याला कोणी दाखवावी लागते, इतकेच.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळेत मूल घालताना, त्याचे इंग्रजी कच्चे राहील, ही धास्ती पालकांना वाटते. ती अनाठायी म्हणता येत नाही. परंतु ज्याची मातृभाषा अर्धवट राहिली, त्याला परभाषेतील शब्दांच्या छटा कशाशी ताडून पाहता येणार? मुलाने नवा इंग्रजी शब्द घरी आणला, तर केवळ अर्थ पाठ करून घेऊ नये. मराठीत तो कोणकोणत्या नामांशेजारी बसेल, हेही विचारावे.

साठ वर्षे परप्रांतात मराठी शाळा चालवणे हे काम कोणत्या विशेषणाचे, हे या शाळेचे माजी विद्यार्थी दोन्ही भाषांत सांगू शकतील. शाळेने त्यांना दिले ते हेच.