खेळ आणि मानधन

१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. १९५७ मध्ये तो कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत गेला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हे त्याचे सूत्र. शंख-शिंपले, बिया, पाने हीच साधने.

अशी साधने पनवेल परिसरातील बांधकामांवरही विखुरलेली असतात. आईबाप राबत असता मूल विटेच्या तुकड्याची आगगाडी करते, वाळूचा भात शिजवते. स्वयंसेवकाने तेथे गुरुजी म्हणून नव्हे, त्या गाडीचा उतारू म्हणून जावे. अक्षरांची घाई नको; विटेला गाडी मानणारे मूलच उद्या रेघोट्यांना अक्षर मानते.

परंतु आठवड्यातील दोन तासांचा खेळ अंगणवाडीची जागा घेऊ शकत नाही. १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेचा भार सेविका वाहत आहेत. त्यांच्या श्रमाच्या मोबदल्याला सरकार वेतन नव्हे, ‘मानधन’ म्हणते. त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य होण्यास २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागावा लागला. म्हणून मुलांच्या खेळात जाणाऱ्याने सेविकांच्या मोर्चातही जावे. फुकटची सेवा ही सरकारच्या काटकसरीची सबब होता कामा नये.