अँजिओग्राफीच्या रात्री घरी कोण असेल?

(ज्येष्ठ सभासदांच्या मासिक मेळाव्यात आपल्या एका निवृत्त डॉक्टर सभासदांनी केलेलं भाषण. बऱ्याच जणांनी मागितल्यामुळे जवळजवळ जसंच्या तसं देत आहोत. – संपादक मंडळ)



आरती झाली आहे, शिरा तयार आहे आणि मधे मी उभा आहे. डॉक्टर बोलायला उभे राहिले म्हणजे आता साखर-तुपावर घसरणार, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. आज शिऱ्याबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही.

गेल्या काही महिन्यांत आपल्यातल्या चौघांनी हॉस्पिटलचं पत्र आणून मला दाखवलं. चौघांनाही अँजिओग्राफीची तारीख मिळालेली. तिघांची झाली. चौथ्या काकूंनी फोन करून तारीख रद्द केली. मला वाटलं, घाबरल्या असतील. तसं नव्हतं. पत्रात लिहिलं होतं, ‘घरी न्यायला एक प्रौढ व्यक्ती हवी आणि त्या रात्री तुमच्याजवळ कोणीतरी असायला हवं.’ मुलगा एडिंबरोला. "त्याला कशाला सुट्टी टाकायला लावू? आणि इथे कोणाला सांगणार?" म्हणून छातीतलं दुखणं घेऊन त्या तशाच बसल्या. त्यांच्यासाठी मी आज बोलतोय. त्यांची परवानगी घेतली आहे.

आधी तपासणीबद्दल थोडं. अँजिओग्राफी म्हणजे ऑपरेशन नव्हे. मनगटाजवळची जागा इंजेक्शनने बधिर करतात, तिथल्या धमनीतून साधारण दोन मिलिमीटर जाडीची नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्यातून एक औषध सोडतात आणि एक्स-रेवर रक्तवाहिन्या कुठे अरुंद झाल्या आहेत ते पाहतात. तुम्ही जागे असता. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. 1929 साली वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातली आणि तशीच ठेवून एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेला! पुढे 1956 मध्ये त्याला नोबेल मिळालं. आमच्या उमेदीच्या काळात हे सगळं मांडीच्या सांध्यातून व्हायचं आणि नंतर कितीतरी तास उताणं पडून राहावं लागायचं. मनगटाच्या वाटेमुळे आता बहुतेकजण संध्याकाळी घरी. धोका अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. गंभीर त्रास साधारण हजारात एखाद्याला होतो आणि संमतीपत्रावर सही घेताना ते तुम्हाला सांगतात.

तारखेच्या आधी नर्स फोन करते किंवा बोलावते. त्या वेळी सगळ्या गोळ्यांची यादी हातात ठेवा. सगळ्या म्हणजे सगळ्या. पुण्याहून आणलेलं चूर्ण, भाचीने दिलेल्या लसणाच्या कॅप्सूल, गुडघ्यासाठीच्या गोळ्यासुद्धा. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी असेल तर ती कधी थांबवायची हे तेच सांगतील. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मात्र आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेहवाल्यांनी मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन आणि इन्सुलिन या तिन्हींबद्दल मुद्दाम विचारा; उपाशीपोटी राहायचं असेल तर या औषधांचं गणित बदलतं. किडनीचा त्रास असेल, किंवा पूर्वी एक्स-रेच्या औषधाने अंगावर पित्त उठलं असेल, तेही सांगा. इंग्रजी पटकन कळत नसेल तर आधीच दुभाषा मागा. एनएचएसमध्ये त्याचे पैसे पडत नाहीत. नातवाला मधे घालू नका, आजोबांच्या लघवीबद्दल बोलायला तो लाजतो.

उपास पत्रात लिहिला असेल तेवढाच करा. तारीख एकादशीला आली म्हणून आदल्या रात्रीपासून निर्जळी करणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. विठोबा एक एकादशी माफ करील, किडनी करेलच असं नाही.

आणि मनगट मोकळं ठेवा. बहुतेक वेळा उजवं मनगट वापरतात. उजव्या हातातल्या बांगड्या घरीच काढा, तिथे साबण लावून ओढाओढ नको. पूजेचा धागा बांधलेला असेल तर गुरुजींना सांगून डाव्या हाताला बांधून घ्या; गुरुजी हो म्हणाले आहेत, मी विचारलंय. नेलपॉलिश काढा. चष्मा आणि कानातलं यंत्र बरोबर न्या.

आता माझी गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माझी स्वतःची अँजिओग्राफी झाली. बायको तिच्या बहिणीच्या आजारपणासाठी पुण्याला. मुलगी परदेशात. नर्सने विचारलं, "रात्री घरी कोण आहे?" मी म्हटलं, "मिसेस आहेत." चाळीस वर्षं पेशंटना खोटं बोलू नका सांगणारा माणूस! मला वाटलं, मला सगळं कळतं, मला कोण कशाला हवं? टॅक्सीने घरी आलो. दरवाज्याचं कुलूप डाव्या हाताने उघडलं, त्याचंही कौतुक वाटलं.

रात्री भूक लागली. खिचडी लावली. शिट्ट्या झाल्या आणि सवयीने उजव्या हाताने कुकर उचलला. दोन मिनिटांत मनगट टम्म फुगलं आणि पट्टीखालून रक्त यायला लागलं. काय करायचं ते मला पाठ होतं: दुसऱ्या हाताच्या बोटांनी घट्ट दाबून धरायचं, दहा मिनिटं सोडायचं नाही. दाबलं. मग लक्षात आलं की एका हातातून रक्त येतंय, दुसऱ्याने ते दाबलंय आणि फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला आहे. 999 लावायचा कोणत्या हाताने? स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघत जमिनीवर बसून राहिलो. दहा मिनिटं इतकी लांब असतात हे पेशंटना सांगताना मला कधी कळलं नव्हतं. बोटं कापायला लागली तशी अजून दहा मिनिटं दाबलं. थांबलं. माझं नशीब.

साडेअकराला आपल्यातल्याच एका काकांना फोन केला. नाव घेत नाही, समोरच बसलेत, उठून जातील. पायजम्यावर ओव्हरकोट आणि डोक्यावर माकडटोपी घालून वीस मिनिटांत आले. हात बघितला, मला कॉटवर झोपवलं, स्वतः खुर्चीत बसले आणि रात्रभर घोरले. मला इतकी शांत झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती. सकाळी चहा करताना एवढंच म्हणाले, "आधी सांगायला काय झालं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

नर्सला खरं सांगितलं असतं तर? घरी कोणी नाही हे आधी कळलं तर अनेक ठिकाणी रात्रभर ठेवून घेण्याची सोय बघतात. ‘हो, आहेत’ म्हटल्यावर ते तरी काय करणार?

घरी आल्यावरचं सांगतो. पाणी पुरेसं प्या, ते औषध लघवीवाटे जातं. पण हृदय कमकुवत म्हणून पाण्यावर बंधन असेल तर विचारून. पुढचे काही दिवस त्या हाताने जड काही नाही. कुकर नाही, कणीक तिंबणं नाही, पाण्याची कळशी नाही. इथे मंदिरात सतरंजीवरून उठताना आपण हात टेकवून उठतो, तेही नाही. खुर्चीवर बसा, देव काही म्हणत नाही. मनगट पाण्यात बुडवून ठेवू नका. गाडी कधी चालवायची ते तुमच्या पत्रात असेल. स्टेंट बसवला आणि सगळं सुरळीत असेल तर इथल्या नियमाप्रमाणे साध्या गाडीला निदान एक आठवडा बंदी आहे.

थोडं काळं-निळं होणं ठीक. दाबूनही रक्त थांबत नसेल, सूज भराभर वाढत असेल, तर 999. हात गार, पांढरा किंवा बधिर पडला तर सकाळची वाट बघू नका. मांडीतून नळी घातली असेल आणि तिथून रक्त आलं तर आडवं व्हायचं, दाबायचं आणि 999 लावायला दुसऱ्याला सांगायचं. हा ‘दुसरा’ हवा, म्हणून तर एवढं बोलतोय. छातीत दुखलं तर बसा, जिभेखाली स्प्रे मारा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा मारा. अजून पाच मिनिटांनी दुखतच असेल तर 999. दुखणं नेहमीपेक्षा वेगळं किंवा जोराचं असेल तर स्प्रेचा हिशोब करत बसू नका, लगेच फोन.

एक मात्र ध्यानात ठेवा. अँजिओग्राफी ही तपासणी आहे, उपचार नव्हे. ‘झाली एकदाची’ म्हणून गोळ्या कपाटात गेल्या, असं मी पाहिलंय. आणि स्टेंट बसवला असेल तर रक्ताच्या त्या दोन गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. दात काढणारा डॉक्टर म्हणाला तरी आधी विचारायचं.

आता मागणं. कार्यालयात चपलांच्या कपाटाशेजारी एक वही ठेवली आहे. एका बाजूला, ज्यांना हॉस्पिटलची तारीख आली आहे आणि रात्री सोबत नाही, त्यांनी फक्त तारीख आणि फोन लिहायचा. आजार लिहायचा नाही. दुसऱ्या बाजूला, जे एक रात्र दुसऱ्याच्या घरी खुर्चीत किंवा सोफ्यावर काढू शकतात त्यांची नावं. नातं लागत नाही, डॉक्टर असावं लागत नाही. अठरा वर्षं पूर्ण, फोन करता येणारा आणि हाक मारल्यावर उठणारा माणूस पुरे. बायकांसाठी बायकाच जातील. टॅक्सीचे पैसे ट्रस्टच्या मदतनिधीतून मिळतील. त्या निधीसाठी पेटी वहीशेजारीच आहे.

काकूंना नवी तारीख मिळाली आहे, पुढच्या महिन्यातली. त्यांच्या रात्रीसाठी दोघींनी नावं दिली आहेत, आणि कोणी जायचं यावरून दोघींत वाद चालू आहे. घोरणारे काका वहीत पहिल्या नंबरवर आहेत. चला, शिरा निवतोय.