पाण्याची बाटली: निवड, निगा आणि सज्जता

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. मूल्यमापन, गळती, पटनोंदणी असे भारदस्त विषय बाजूस ठेवून बाटलीवर भाषण कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर म्हणून माझ्याच वर्गातील एक प्रसंग सांगतो. चैत्रातील एका सकाळी कवायत चालू असता तिसरीतील एक मुलगी भोवळ येऊन खाली बसली. तिला सावलीत नेले आणि पाणी पाजावे म्हणून तिच्या दप्तरातील बाटली काढली, तो ती काठोकाठ भरलेली! सकाळपासून तिने घोटभरही पाणी घेतले नव्हते. विचारता कळले, की मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते, म्हणून ती शाळेत पाणीच पीत नाही. त्या कुलपाची किल्ली माझ्याच टेबलाच्या खणात होती. तेव्हापासून बाटलीचा विचार मी केवळ बाटलीपुरता करीत नाही.

पाणी बरोबर बाळगण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगराजवळ भोपळ्याचा तुंबा असे, रेल्वेच्या प्रवासात फिरकीचा तांब्या असे, आणि मालमोटारीच्या बाजूस जाड कापडाची छागल लटकत असे. छागलीतून पाझरणारे पाणी वाऱ्याने उडून जाई आणि त्या बाष्पीभवनाने आतील पाणी गार राही. यातील प्रत्येक साधन आपापल्या कामाला साजेसे होते. विद्यार्थ्याची बाटली निवडताना आपणही हीच कसोटी लावावी.

प्रथम आकार पाहू. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम भरते. केंद्र शासनाच्या 2020 च्या दप्तरविषयक धोरणानुसार दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. पहिली-दुसरीच्या मुलासाठी ते 1.6 ते 2.2 किलोग्रॅम ठरविले आहे. अशा मुलाच्या पाठीवर लिटरभर पाणी दिले, तर निम्मे ओझे पाण्याचेच झाले. म्हणून लहान वर्गांसाठी अर्ध्या लिटरची आणि वरच्या वर्गांसाठी पाऊण लिटरची बाटली पुरेशी समजावी, आणि ती शाळेतच पुन्हा भरून घ्यावी. अर्थात शाळेत भरण्याजोगे शुद्ध पाणी असेल, तरच हे म्हणणे खरे!

दुसरी गोष्ट तोंडाची. ज्या बाटलीत ब्रश किंवा मुलाच्या आईचा हात जात नाही, ती कितीही सुबक असली तरी घेऊ नये. आतील तळाशी बोट फिरविल्यास बुळबुळीत थर लागतो. तोच जंतूंचा आश्रय होय. चोखण्याच्या नळ्या व झाकणातील रबरी कडी यांत घाण अधिक साचते. म्हणून झाकण साधे, कडी निघणारी आणि तोंड रुंद असावे.

तिसरी गोष्ट धातूची. विकतच्या पाण्याची पातळ प्लॅस्टिकची बाटली एकदाच वापरण्यासाठी बनविलेली असते. ती गरम पाण्याने आकसते आणि तिच्या अरुंद मानेतून ब्रश जात नाही. नित्य वापरास एकपदरी स्टेनलेस स्टीलची बाटली उत्तम. चुंबक चिकटले नाही म्हणजे पोलाद उंची, ही समजूत मात्र फसवी आहे. मँगनीज अधिक असलेल्या हलक्या प्रतीच्या पोलादालाही चुंबक चिकटत नाही. त्यापेक्षा आय.एस.आय. चिन्ह आणि त्यासोबतचा 17803 हा मानक क्रमांक पाहून बाटली घ्यावी. तांब्याच्या बाटलीत केवळ पाणी ठेवावे. ताक किंवा लिंबाचे सरबत ठेवल्यास आंबटपणामुळे तांबे त्यात उतरते. दुपदरी थर्मास पाणी गार ठेवतो खरा, परंतु तो जड व महाग असतो.

आता सज्जतेविषयी. एकपदरी स्टीलच्या बाटलीचा आणखी एक गुण असा, की झाकण व रबरी कडी काढून ती अडचणीच्या वेळी चुलीवर ठेवता येते. खळाखळा उकळी आल्यावर मिनिटभर उकळू द्यावे, जंतू मरतात. थर्मास मात्र विस्तवावर कदापि ठेवू नये. त्याचे दोन पदर फुटून अपघात होतो. सरपण नसेल, तर ज्या प्लॅस्टिकच्या बाटलीला आपण नावे ठेवली, तीच उपयोगी पडते. स्वच्छ, पारदर्शक, दोन लिटरपर्यंतच्या बाटलीत फडक्याने गाळलेले नितळ पाणी भरून ती कडक उन्हात सहा तास आडवी ठेवावी. आभाळ असल्यास दोन दिवस. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापुराने वेढलेल्या गावांत सभोवार पाणी असून पिण्यास पाणी नव्हते, आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरू नये.

एक मर्यादा ध्यानात असावी. उकळल्याने वा उन्हात ठेवल्याने पाण्यातील फ्लोराइड जात नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांना हा प्रश्न भेडसावतो. तेथे बाटलीपेक्षा विहिरीची वा कूपनलिकेची तपासणी महत्त्वाची.

बाटलीचे माप ठाऊक असले, की तीच औषधाचे मापही होते. अर्ध्या लिटर शुद्ध पाण्यात चहाचे तीन सपाट चमचे साखर आणि पाव चमचा मीठ विरघळविले, म्हणजे जुलाब झालेल्या मुलास देण्याजोगे द्रावण तयार होते. मात्र उन्हाने बेशुद्ध झालेल्या किंवा असंबद्ध बोलणाऱ्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये. त्यास सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा व 108 क्रमांकास कळवावे.

निगा सोपी आहे. रोज घरी गेल्यावर राखेने वा साबणाने बाटली घासावी, उपडी ठेवून कोरडी करावी. शनिवारी पाच मिनिटे बाटल्यांची पाहणी करावी, परंतु बाटल्यांच्या किमतीची तुलना होऊ देऊ नये. ऊसतोडीवरून परतलेल्या घरच्या मुलाजवळ बाटली नसेल. त्याच्यासाठी शाळेत झाकणाचा माठ, लांब दांड्याचे ओगराळे आणि घासलेले पेले असावेत. बाटलीची सक्ती करून त्याला खाली मान घालावयास लावणे हे शिक्षण नव्हे.

केरळातील शाळांनी 2019 मध्ये पाणी पिण्यासाठी निराळी घंटा देण्यास प्रारंभ केला. आपणही दिवसातून तीनदा ती द्यावी, आणि घंटेवर आपण स्वतः मुलांसमोर पाणी प्यावे. लघवी पिवळीजर्द होत असेल तर पाणी कमी पडते, हे मुलांना संकोच न बाळगता सांगावे. आणि घंटेपूर्वी स्वच्छतागृहाचे कुलूप उघडे आहे, आत पाणी आहे, हे एकदा जाऊन पाहावे. सायंकाळी मुलांच्या बाटल्या भरलेल्याच परत जात असतील, तर चूक मुलांची नाही असे समजून आपणच शोध घ्यावा. मला तो शोध उशिरा लागला. आपल्याला लवकर लागावा, एवढ्यासाठीच हे बोललो.