ज्वारीचे माहेर
(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



माण, खटाव, आटपाडी, जतकडचा माणूस पाहुण्याला अभिमानाने सांगतो, "आमच्या शालूची भाकरी खाऊन बघा." अभिमान खरा आहे. पण ज्वारी ही आपल्याकडे नांदायला आलेली आहे. तिचे माहेर आफ्रिका.

पूर्व सुदानमध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या खापरांवर ज्वारीच्या दाण्यांचे ठसे सापडले आहेत. रानगवताचे दाणे पिकले की झडून जातात. न झडणारी कणसे वेचायची, पुढच्या साली तीच पेरायची, असे पिढ्यान्‌पिढ्या करून तिथल्या काळ्या शेतकऱ्यांनी त्या गवताचे पीक केले. बाजरी सहाराच्या दक्षिण कडेची. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगरातली. चवळी तिकडची, चिंचही तिकडचीच. ज्वारी-बाजरी साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी आपल्या देशात पोचली. आणणाऱ्याचे नाव कुठे नोंदलेले नाही.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. खताच्या मात्रा, खोडमाशी, सगळे पाठ केले. हे पीक घडवले कुणी, हा प्रश्न मात्र परीक्षेत कधी आला नाही. १९६४ साली देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, निघाली. तिचे मादी वाण अमेरिकेचे, एवढेच आम्हाला ठाऊक. पण ते वाण 'काफिर' ज्वारीचे, आणि संकर सोपा झाला तो 'मिलो' ज्वारीच्या गुणामुळे. दोन्ही आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या. आणि नाव बघा! दक्षिण आफ्रिकेत गोरे लोक काळ्या माणसाला ज्या शब्दाने शिवी देत, तोच शब्द त्याच्या धान्याला चिकटवला. आपणही हसू नये. 'हबशी' हा शब्द आपण कसा वापरतो?

हबशी म्हणजे ॲबिसिनियाचा, आजच्या इथिओपियाचा माणूस. मलिक अंबर हबशीच होता. गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. १६२६ साली वारला. त्याने महसुलाचा इजारा मोडला, जमिनीचा मगदूर आणि पीक बघून सारा ठरवला. त्या धाऱ्याला आपल्याकडे 'मलिकंबरी' म्हणत. शेतकऱ्याचे पीक बघून सारा घ्यावा, हे त्या काळात किती सरदारांना सुचले असेल? यल्लापूर-हल्याळ भागातले सिद्दीही आफ्रिकेतून आलेल्यांचेच वंशज. जंगलाकडेला शेती-मजुरी करतात. त्यांना अनुसूचित जमातीत यायला २००३ साल उजाडले.

आता कापसाचे. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालत. १८६१ ते १८६५ तिथे यादवी झाली, तो कापूस अडला आणि आपल्या कापसाचा भाव आभाळाला भिडला. सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज तसेच राहिले. वर सरकारने सारा वाढवला. १८७५ साली सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. तिकडे वेचणाऱ्याला मजुरी नव्हती, इकडे पिकवणाऱ्याला भाव राहिला नाही. गिरणीवाला एकच होता.

हे आज कशाला सांगतो? मालदांडी ३५-१ आपण सगळे पेरतो. मोहोळच्या केंद्रावर ती निवडली, पण निवडली स्थानिक मालदांडीतूनच. केंद्राचे नाव कागदावर राहिले. ज्या घरांनी मूळ मालदांडी जपली, त्यांचे राहिले नाही. सुदानच्या शेतकऱ्याचे झाले तेच आपल्या डोळ्यांदेखत होते आहे. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, देण्याघेण्याचा, ब्रँड न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. आपले वाण आपल्या नावावर नोंदवताही येते. पण नोंदवणार काय? घरचे बी उरले किती?

म्हणून पुढच्या बैठकीला येताना घरच्या शालूची, दगडीची, हुरड्याच्या गूळभेंडीची, जे असेल त्याची चार-चार कणसे आणा. बी कुणाकडून आले, आजीने माहेराहून आणले की शेजारच्या वस्तीवरून घेतले, ते चिठ्ठीवर लिहा. बियाण्याची कणसे बहुतेक घरांत बायाच निवडतात. त्यातल्या किती जणींच्या नावावर सातबारा आहे, ते विचारायची सोय नाही. निदान चिठ्ठीवर तरी त्यांचेच नाव घाला. ज्यांच्याकडे जमीन नाही, पण काढणी-मळणीत ज्यांच्या हाताखालून हे बी गेले, त्यांनाही सोबत आणा. नोंदवही आम्ही घालतो.